एक टर्बो की दोन : बारामती-इंदापूर पट्ट्यातील द्वैताद्वैत विचार

मोटारीच्या इंजिनाला टर्बोचार्जर एक असावा की दोन, हा प्रश्न वरकरणी वायूंच्या गतिशास्त्राचा असला, तरी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत त्याची चर्चा प्रामुख्याने उसाचे बिल जमा होण्याच्या सुमारास होते, ही बाब अभ्यासकाने प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ऊस कारखान्याला घातल्यापासून 14 दिवसांत त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळावेत, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. गाडी कोणती घ्यायची याचा निर्णय मात्र त्या 14 दिवसांची वाट पाहत नसून, ऊस शेतात उभा असतानाच, बहुधा चहाच्या टपरीवर आणि बहुमताने घेतला जातो. या सभेत साधारणतः चार प्रकारचे सभासद आढळतात : ज्याच्याकडे गाडी आहे तो, जो गाडी घेणार आहे तो, ज्याने रात्री जागून जपानी गाड्यांचे व्हिडिओ पाहिले आहेत तो, आणि ज्याने टर्बो स्वतःच्या हातांनी उघडून पाहिला आहे असा फिटर. यांपैकी शेवटचा सभासद सहसा काही बोलत नाही आणि त्यामुळे चर्चेला कोणतीही अडचण येत नाही.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हे सांगण्यासाठी ग्रंथकारांना सामान्यतः आकृत्या काढाव्या लागतात. या पट्ट्यातील वाचकाला त्यांची गरज नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात उष्णता आणि दाब शिल्लक असतो. तो धूर सायलेन्सरमधून आकाशात सोडून देण्यापूर्वी त्याच्याकडून एक छोटे पाते-चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवून घ्यायचे. ते ज्या दांड्यावर बसवलेले असते, त्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने, म्हणजे कॉम्प्रेसरने, बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. आणि हवा जास्त मिळाली म्हणून डिझेल किंवा पेट्रोलही जास्त जाळायचे, एवढाच हा व्यवहार आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्यात ज्याने एक हंगाम जरी काढला असेल, त्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण तेथे बॉयलरची वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते, मग तीच दमलेली वाफ रस आटवण्यासाठी इव्हॅपोरेटरच्या पहिल्या भांड्याला दिली जाते, आणि पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातील रस आटवते, दुसऱ्याची तिसऱ्याचा. वाफेला एकदा कामावर घेतले की तिच्यातला शेवटचा जीव जाईपर्यंत सोडायचे नाही, हे सहकारी साखर कारखान्याचे धोरण आणि टर्बोचार्जरचे धोरण एकच आहे. फरक इतकाच, की टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो आणि कारखान्यात एवढ्या वेगाने काहीही होत नाही.

अडचण आहे ती विलंबाची. चालक अॅक्सिलरेटर दाबतो, इंजिन थोडा धूर सोडते, तो धूर टर्बाइनला जागे करतो, टर्बाइन कॉम्प्रेसरला जागे करते, कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती हवा इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड होऊन इंजिनात येते, आणि मग गाडी पुढे जाते. कोणत्याही सरकारी फाइलीचा प्रवास ज्याने पाहिला आहे त्याला ही साखळी ओळखीची वाटेल. या विलंबाला इंग्रजी ग्रंथांत टर्बो लॅग म्हणतात, तर बारामतीत ‘गाडी खालून ओढत नाही’ असे म्हणतात, आणि दुसरी व्याख्या पहिलीपेक्षा अचूक आहे, कारण दोष कोठे आहे हेही ती सांगते : खाली, म्हणजे दोन हजार आरपीएमच्या आत.

दोन टर्बोंचा सिद्धान्त याच ठिकाणी जन्म घेतो. फिरत्या चक्राचे जडत्व, म्हणजे फिरायला लागण्यास त्याची असलेली नाखुशी, आकार प्रमाणात ठेवल्यास व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. व्यास 30 टक्क्यांनी कमी केला, तर जडत्व जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येते. तेव्हा एका मोठ्या, जड, उशिरा उठणाऱ्या टर्बोऐवजी दोन लहान, हलके, लवकर उठणारे टर्बो लावावेत, असा हा युक्तिवाद आहे, आणि कागदावर त्याला तोड नाही. मासेराटी कंपनीने 1981 मध्ये ‘बिटुर्बो’ ही दोन टर्बोंची गाडी बाजारात आणली, तेव्हापासून ‘दोन’ या आकड्याला मोटारजगतात जो मान मिळाला तो आजतागायत कायम आहे. मात्र लहान चक्रांची कार्यक्षमता मोठ्यापेक्षा कमी असते, कारण पाते आणि कवच यांमधली फट त्यांच्या मानाने मोठी पडते आणि दाबलेली हवा तेथून निसटते; शिवाय तेलाच्या नळ्या दुप्पट, होज पाइप दुप्पट, उष्णता दुप्पट, आणि होज फुटला असता नेमका कोणता फुटला हे शोधण्यासाठी लागणारा वेळही दुप्पट. कागदाला हा वेळ दिसत नाही.

या वादातील पक्षांना आपल्या परंपरेतील नावे देणे सोयीचे ठरेल. एकच टर्बो मानणारे ते अद्वैती. त्यांचा दाखला जपानी : टोयोटाच्या 1993 च्या सुप्रा गाडीत कारखान्यानेच दोन टर्बो क्रमवार बसवले होते, म्हणजे कमी वेगावर एक काम करी आणि वेग वाढला की दुसरा येऊन मिळे, जगभरच्या हौशी मालकांनी मात्र ते दोन्ही काढून त्या जागी एक प्रचंड टर्बो बसवण्याचा सपाटा लावला. दोन टर्बो मानणारे ते द्वैती, आणि त्यांच्यातही पोटभेद आहेत. ज्यांचे दोन टर्बो समान आकाराचे असून इंजिनाच्या एकेका बाजूचा धूर वाटून घेतात ते समांतरवादी. ज्यांचा लहान टर्बो आधी आणि मोठा नंतर कामाला लागतो ते क्रमवादी. व्ही आकाराच्या सहा-आठ सिलिंडरी इंजिनात समांतर मांडणी स्वाभाविक ठरते, कारण धूर मुळातच दोन बाजूंनी निघतो. एका रांगेतल्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात बहुधा क्रमवाद चालतो. तिसरा पक्ष सर्वांत सूक्ष्म असून त्याला विशिष्टाद्वैती म्हटल्यास वावगे होणार नाही. यांच्या मते टर्बो एकच, पण त्याच्या टर्बाइनपर्यंत धूर पोहोचवणारे मार्ग दोन. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिल्या-चौथ्याचा धूर एका मार्गाने आणि दुसऱ्या-तिसऱ्याचा दुसऱ्या मार्गाने नेल्यामुळे एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. बीएमडब्ल्यूने आपल्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला 2006 च्या सुमारास दोन टर्बो दिले, 2009 मध्ये त्याच्या वारसदार इंजिनात एकच दुहेरी मार्गाचा टर्बो बसवला, आणि झाकणावर ‘ट्विनपॉवर टर्बो’ असे कोरले. टपरीवरच्या द्वैतींनी ते झाकण आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मोबाइलवर अनेकदा दाखवले आहे आणि झाकण उघडून पाहण्याची सूचना अद्याप कोणी मांडलेली नाही.

टर्बो नकोच म्हणणाऱ्या शून्यवाद्यांची संख्या या पट्ट्यात कमी असली, तरी त्यांचे पीठ येथेच आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना आहे. आपे रिक्षा आणि व्हेस्पा जेथे बनतात तेथेच 2023 पासून अप्रिलियाची आरएस 457 ही वेगवान मोटारसायकलही तयार होते. बारामतीत बनणारी ही बहुधा सर्वांत चपळ वस्तू असून तिला टर्बो एकही नाही. सिलिंडर मात्र दोन आहेत. ‘ट्विन’ या शब्दाचे आकर्षण भागवण्यासाठी टर्बोचीच आवश्यकता असते असे नाही, हे यावरून दिसते.

इंदापूर तालुक्याकडे वळल्यास इतिहास आणखी गुंतागुंतीचा होतो. तालुक्यातील वालचंदनगर हे गाव ज्यांच्या नावाने वसले त्या वालचंद हिराचंद यांनी येथे 1930 च्या दशकात साखर कारखाना उभारला आणि 1944 मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, जिची पद्मिनी पुढे दोन पिढ्यांनी चालवली, ढकलली आणि चोक ओढून पुन्हा चालवली. 1089 सीसीच्या त्या इंजिनात टर्बोचा प्रश्न उद्भवत नव्हता. विलंब होता, पण तो सर्व आरपीएमवर सारखाच असल्यामुळे त्याला कोणी वेगळे नाव दिले नाही. त्याच वालचंदनगरमध्ये पुढे इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटारींची कवचे बनू लागली, आणि 14 जुलै 2023 रोजी चंद्रयान-3 घेऊन निघालेल्या एलव्हीएम-3 या यानाच्या दोन्ही बाजूंना जे एस-200 बूस्टर होते, त्यांचे भाग येथे तयार झाले होते. एकाच वेळी पेटणारे, समान आकाराचे, दोन्ही बाजूंना एकेक असे बूस्टर म्हणजे समांतरवादाचा याहून भव्य दाखला सापडणे कठीण. तरीही टपरीवरच्या द्वैतींनी तो अद्याप वापरलेला नाही, कारण चर्चा कायम फॉर्च्युनरपाशी अडते.

फॉर्च्युनरपाशी ती अडते याला सबळ कारण आहे. भारतीय बाजारात ‘एक की दोन’ हा प्रश्न ग्राहकाला प्रत्यक्ष विचारणारी गाडी होती ती एमजी ग्लॉस्टर. 2020 मध्ये आलेल्या या गाडीचे इंजिन दोन लिटरचे. एका प्रकारात एक टर्बो आणि सुमारे 375 न्यूटन मीटर टॉर्क, दुसऱ्यात दोन टर्बो आणि सुमारे 480. (टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेली गाडी चढावर नेण्यास हाच लागतो, अश्वशक्ती नव्हे.) तेच इंजिन, एक टर्बो वाढवला आणि जोर सुमारे सव्वापट झाला, हे पाहून द्वैती पक्षाने विजय घोषित केला. तेवढ्यात अद्वैतींनी 2021 ची फॉर्च्युनर पुढे केली : 2.8 लिटर, टर्बो एक, ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह टॉर्क 500. दोन टर्बोंचे 480 आणि एका टर्बोचे 500 ही आकडेवारी समोर आल्यावर द्वैतींनी इंजिनाच्या आकारातील फरकाकडे लक्ष वेधले, जे शास्त्राला धरूनच होते, पण ‘बारका बैल आणि थोरला बैल यांचे वजन वेगळे असणारच’ असे म्हणणाऱ्याला ‘मग थोरलाच घ्या की’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते मिळाले. फॉर्च्युनरच्या टर्बाइनभोवती फिरत्या पट्ट्या असतात, ज्या कमी वेगावर धुराची वाट अरुंद करून त्याचा झोत तीव्र करतात आणि जास्त वेगावर ती मोकळी करतात. एकाच टर्बोने आधी लहान आणि मग मोठा व्हायचे अशी ही युक्ती आहे, आणि दोन टर्बोंचे निम्मे तत्त्वज्ञान तिने आधीच निकामी केले आहे. फॉर्च्युनर घेणाऱ्यांपैकी या पट्ट्यांसाठी ती घेणारा मात्र अजून कोणाच्या पाहण्यात नाही; गाडीतून उतरताना दार कसे वाजते, हा निकष तेथे निर्णायक असतो.

ही सगळी मतमतांतरे ज्या भूमीवर तपासली जातात, ती म्हणजे बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरला जाणारा रस्ता. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा हा मार्ग असून त्याचे रुंदीकरण हाती घेण्यात आले आहे. तरीही कार्तिक ते फाल्गुन या काळात, म्हणजे ऐन गाळपाच्या हंगामात, त्यावर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या गावरस्त्यांवर राज्य असते ते दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरचे. ताशी 20 किलोमीटर हा त्याचा वेग, पंधरा-वीस टन ऊस हे त्याचे ओझे, मागच्या ट्रॉलीला दिवा असल्यास तो भाग्याचा, आणि पुढे बसवलेल्या स्पीकरवर लागलेले गाणे इतके मोठे, की मागच्या गाडीचा हॉर्न हा त्यातील एक वाद्य म्हणून खपून जातो. गंमत म्हणजे हा ट्रॅक्टरही अनेकदा टर्बोचाच असतो. पुण्याजवळ सणसवाडीत बनणाऱ्या जॉन डिअरच्या 55 अश्वशक्तीच्या 5310 या मॉडेलला टर्बो आहे. एकंदर, एका टर्बोच्या वाटेत दुसरा टर्बो उभा, अशी स्थिती असून, येथे दोन टर्बो एकाच रस्त्यावर असले तरी त्यांना क्रमवार म्हणता येईल, कारण मागचा पुढच्याच्या आधी जाऊच शकत नाही.

आता ओव्हरटेकचा हिशेब. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन तेराशे-चौदाशे आरपीएमवर, म्हणजे टर्बो झोपेत. समोरची वाट क्षणभर मोकळी दिसते; चालक गाडी उजवीकडे काढतो आणि अॅक्सिलरेटर तळाला टेकवतो. टर्बोला जागे व्हायला दीड सेकंद लागतो असे धरल्यास, ताशी 20 किलोमीटर वेगाने गाडी त्या दीड सेकंदात सुमारे आठ मीटर पुढे जाते. परंतु ट्रॅक्टरही तेवढाच पुढे गेलेला असतो. त्यामुळे चालक जेथे होता तेथेच, म्हणजे मागच्या ट्रॉलीच्या चाकाशेजारी असतो, फक्त आता तो रस्त्याच्या चुकीच्या बाजूला असतो आणि समोरून एसटी येत असते. यानंतर टर्बो जागा होतो, पण तो ब्रेकच्या सेवेला लागतो. एकेकाळी या भागात घरोघरी असलेल्या स्विफ्ट आणि डिझायर गाड्यांच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनाचे, जे फियाटच्या रांजणगाव कारखान्यातही बनत असे, हे वर्तन इतके सर्वपरिचित होते, की अनुभवी चालक ट्रॉली दिसताच गिअर खाली टाकून इंजिन आधीच दोन हजारांवर नेऊन ठेवत. हा उपाय पूर्णतः फुकट असून त्यात टर्बोंची संख्या एकाने वाढल्यासारखा परिणाम मिळतो. म्हणूनच बहुधा त्याची चर्चा टपरीवर होत नाही. ज्याचे बिल येत नाही ते ज्ञान या सभेच्या कार्यक्षेत्रात येत नाही.

उन्हाळ्याचा मुद्दा द्वैतींच्या बाजूने मांडला जातो, म्हणून त्याची दखल घ्यावी लागते. इंदापुरात मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला, की हवा विरळ होते. 15 अंशांच्या हवेपेक्षा ती साधारण साडेआठ टक्क्यांनी हलकी असते आणि तेवढा प्राणवायू इंजिनाला कमी मिळतो. टर्बो ही तूट भरून काढतो, म्हणून दोन टर्बो दुप्पट भरून काढतील, असे हे गणित आहे. प्रत्यक्षात दोन टर्बो दाबलेली हवा अधिकच तापवतात आणि भार इंटरकूलरवर येतो, ज्याच्या जाळीत तोवर उसाचे पाचट, पाकोळ्यांची पिसे आणि मागील पालखीपासूनची धूळ भरलेली असते. ती जाळी पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुण्यास शंभर रुपयांहून कमी खर्च येतो. फिटर या प्रसंगी तोंड उघडतो, पण त्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी विषय रीमॅपवर गेलेला असतो.

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकाला नवी आज्ञावली देऊन टर्बोकडून ठरल्यापेक्षा जास्त दाब घेणे. काहींची मजल त्यापुढे जाऊन मूळ टर्बो काढून थोरला बसवण्यापर्यंत पोहोचते, तेव्हा मोटार वाहन कायद्याचे कलम 52, जे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते, आडवे येते. व्यवहारात कायद्याआधी क्लचप्लेट आडवी येते.

टर्बोसंबंधीचा सर्वांत दृढ आचार मात्र पक्षभेदापलीकडचा आहे. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. जोरात चालवून आणलेली गाडी एकदम बंद केली, तर तेलाचा प्रवाह थांबतो, आतले तेल उष्णतेने जळून कोळशासारखे कडक होते आणि दांडा खराब होतो. म्हणून बंद करण्यापूर्वी इंजिन अर्धा-एक मिनिट तसेच चालू ठेवावे, हा सल्ला रास्त आहे. या सल्ल्याचे पालन मंगल कार्यालयाच्या दारात विशेष निष्ठेने होते. वऱ्हाडी उतरतात, फेटे सावरतात, आहेराची पाकिटे मोजतात. चालक आत एसी लावून बसलेला असतो आणि ‘चला की’ म्हणणाऱ्या मामांना काच दोन बोटे खाली करून सांगतो, ‘टर्बो थंड होऊ द्या, मामा.’ गाडीने मागील अर्धा तास दोन ट्रॉल्यांच्या मागे ताशी 20 किलोमीटरने काढलेला असल्यामुळे टर्बो मुळात तापलेलाच नसतो, हे मामांना ठाऊक नसते आणि चालकाला ठाऊक असते.

या वादाचा खरा निकाल नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये लागत नाही. तो जुन्या गाड्यांच्या बाजारात लागतो. तेथे द्वैत-अद्वैताला थारा नसून ‘एक हाती’, ‘पासिंग बाकी नाही’ आणि ‘टर्बो नवीन टाकलाय’ ही तीन वाक्ये विक्रेता एका श्वासात उच्चारतो. पहिल्या दोन वाक्यांवर ग्राहक विश्वास ठेवतो. तिसऱ्या वाक्यावर जाणता ग्राहक, विशेषतः गाडीच्या मागे ‘ट्विन टर्बो’ अशी पाटी असल्यास, बॉनेटवर हात ठेवून शांतपणे एवढेच विचारतो : ‘दोन्हींपैकी कोणता?’ आणि विक्रेता फिटरकडे पाहतो.